अस्सल की नक्कल? – एका यंत्रमानवाची पारख

मालमोटारीचे एक खेळणे हातात घ्यावे, त्याचे पुढचे भाग ओढावेत, मागचे फिरवावेत आणि पाहता पाहता त्या मालमोटारीचा उभा यंत्रमानव व्हावा, अशी खेळणी तुम्ही पाहिली असतील. त्यांना ‘ट्रान्सफॉर्मर्स’ म्हणतात. पाठ्यपुस्तकातल्या रोहित्राशी त्यांचे साम्य फक्त नावापुरते!

जपानमधील ताकारा कंपनीने १९८० साली ‘डायक्लोन’ नावाची खेळण्यांची मालिका सुरू केली. पुढे तिच्यात वाहनांतून यंत्रमानवात बदलणारी खेळणी आली. अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने ती १९८४ साली ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नव्या नावाने बाजारात आणली. त्यांचा पुढारी म्हणजे ‘ऑप्टिमस प्राइम’ ही तांबडी-निळी मालमोटार. जपानात हेच खेळणे १९८३ साली ‘बॅटल कॉन्व्हॉय’ या नावाने निघाले होते.

आज जगभर अशा जुन्या खेळण्यांचे संग्राहक आहेत. अस्सल जुन्या खेळण्याला चांगली किंमत येते. परंतु इ. स. २००० नंतर मूळ कंपन्यांनीच या खेळण्यांच्या नव्या आवृत्त्या काढल्या आणि नकला करणारेही पुष्कळ निघाले. समजा, तुमच्यासमोर एक मालमोटार ठेवली आहे आणि विकणारा म्हणतो, “ही १९८४ सालची.” तुम्ही कसे ठरवाल? अट अशी, की खेळण्याला ओरखडाही उमटता कामा नये.

पहिला मोह होतो तो खेळण्याच्या अंगावर कोरलेले साल वाचण्याचा. पण हे साल साच्यातच कोरलेले असते. ते रचनेच्या हक्काचे साल असते, खेळणे तयार झाल्याचे नव्हे. तोच साचा वीस वर्षांनी वापरला, तरी तेच साल उमटू शकते. म्हणून एवढ्या पुराव्यावर विसंबू नका.

दुसरा मोह याहून वाईट. तो म्हणजे खेळणे लगेच फिरवून पाहण्याचा! १९८० च्या दशकाच्या अखेरीस काही खेळण्यांत चमकीचे बारीक कण मिसळलेले सोनेरी प्लॅस्टिक वापरले गेले. १९८८ सालचे ‘ब्लॅक झरॅक’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. हे प्लॅस्टिक काळाच्या ओघात अतिशय ठिसूळ होते. वरून धडधाकट दिसणारा भाग पहिल्याच पिळ्याला बिस्किटासारखा तुटतो. परीक्षा घेतली आणि परीक्षेची वस्तूच गेली, असे व्हायला नको. म्हणून आधी डोळे, मग मोजमाप आणि सर्वांत शेवटी हात, हा क्रम पाळावा.

आता वजन पाहू. जुन्या खेळण्यांतील काही भाग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असत. या मिश्रधातूत सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम असते आणि त्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ६.६ ग्रॅम भरते. खेळण्यांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या ‘एबीएस’ प्लॅस्टिकची घनता मात्र १.०५ च्या आसपास असते. म्हणजे १० घन सेंटिमीटर आकारमानाचा भाग धातूचा असला तर ६६ ग्रॅम आणि प्लॅस्टिकचा असला तर साडेदहा ग्रॅम! नक्कल करणाऱ्याने धातू वाचवून तेथे प्लॅस्टिक घातले असेल, तर साधा तराजू त्याचे बिंग फोडतो. मात्र तुलनेसाठी खात्रीच्या अस्सल नमुन्याचे वजन हाताशी हवे.

तराजूनंतर व्हर्निअर कॅलिपर घ्या. वितळलेले प्लॅस्टिक साच्यात थंड होताना आकसते. एबीएसच्या बाबतीत हे आकसणे सुमारे अर्धा टक्का असते. मूळ कारखानदार ते ध्यानात घेऊन साचा थोडा मोठा करतो. परंतु अस्सल खेळण्यावरूनच साचा काढणाऱ्याने ही काळजी घेतली नाही, तर काय होईल? मूळ भाग २०० मिलिमीटर लांब असेल, तर नक्कल १९९ मिलिमीटर भरेल. नकलेवरून पुन्हा नक्कल केली तर सुमारे १९८! शाळेतल्या कॅलिपरने ०.१ मिलिमीटरपर्यंत मोजता येते, तेव्हा हा फरक सहज सापडतो. दोन-तीन ठिकाणी मोजून सरासरी काढा. भिंगातून अक्षरांच्या कडाही पाहा. साच्यावरून साचा काढताना त्या बोथट होत जातात. माप बरोबर आले म्हणजे खेळणे अस्सलच, असे मात्र नाही. हुशार ठक आकार मोजून मोठा करू शकतो.

रंगही पुष्कळ काही सांगतो. १९८५ सालच्या ‘जेटफायर’ या पांढऱ्या विमानाचे अनेक नमुने आज पिवळे पडलेले दिसतात. एबीएसमध्ये ब्युटाडाइन नावाचा रबरासारखा घटक असतो. अतिनील किरण आणि हवेतील ऑक्सिजन यांच्यामुळे त्याच्या रेणूंत बदल होतात आणि प्लॅस्टिक पिवळे पडते. एक हात पिवळा व दुसरा पांढराशुभ्र असेल, तर तो दुसऱ्या खेळण्याचा असल्याची शंका घ्यावी. पिवळ्या पृष्ठावर चौकोनी पांढरा डाग असेल, तर तेथे बरीच वर्षे चिकटचित्र होते हे ओळखावे. हायड्रोजन पेरॉक्साइड व अतिनील प्रकाश वापरून काही जण पिवळेपणा घालवतात. तसे केलेले असल्यास विकणाऱ्याने ते सांगायला हवे. हे रसायन कातडीला इजा करते, म्हणून तुम्ही तो प्रयोग घरी करू नका.

चकाकणाऱ्या चंदेरी भागांना बोटे लावू नका. निर्वात पात्रात ॲल्युमिनियमची वाफ करून तिचा अतिशय पातळ थर प्लॅस्टिकवर बसवलेला असतो. घासला की तो निघतो, आणि तो परत बसवणे घरच्या आवाक्याबाहेरचे आहे.

एवढे झाल्यावर सांध्यांकडे वळा. आपल्या शरीरात असतात तसे बिजागरीचे आणि उखळीचे सांधे येथेही आहेत. सांध्याजवळ पांढरी रेघ दिसते का, ते पाहा. एबीएसमध्ये रबराचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. भाग फार वाकला की त्या कणांभोवती बारीक पोकळ्या तयार होतात. त्या प्रकाश विखुरतात, म्हणून तेथे पांढरे दिसते. पांढरी रेघ म्हणजे मोडण्याआधीची सूचनाच. सांधे स्वतःच्या वजनाने लोंबत असतील, तर तेथील घर्षण झिजून कमी झाले आहे. स्क्रूंवर तांबडा गंज असेल, तर खेळणे दमट जागी राहिले असावे.

१९८५ पासूनच्या बऱ्याच खेळण्यांवर अस्सलपणाची खूण म्हणून एक छोटे काळे चिकटचित्र असे. त्यावर बोट घासले की उष्णतेने रंग पालटून आतले चिन्ह दिसू लागते. ते न दिसल्यास लगेच नक्कल ठरवू नका, कारण हा थर जुना होऊन निकामीही होतो.

शेवटी सुटे भाग मोजा. ऑप्टिमस प्राइमच्या मुठी वेगळ्या निघतात आणि त्याच पहिल्या हरवतात. बंदूक आणि ‘रोलर’ ही छोटी गाडीही पाहा. मग एका तक्त्यात वजन, मापे, रंग, सांधे व सुटे भाग यांच्या नोंदी करा आणि त्यानंतरच १ ते १० पैकी गुण द्या. एकच पुरावा खोटा ठरू शकतो. पाच स्वतंत्र पुरावे एकाच दिशेने बोट दाखवू लागले, तर निष्कर्षावर बराच विश्वास ठेवता येतो. ‘सांगता येत नाही’ हाही प्रामाणिक निष्कर्षच होय.

करून पाहा : आकसण्याचा परिणाम पाहायचा असेल, तर शिक्षकांच्या देखरेखीखाली मेणबत्तीचे मेण पाण्याच्या वाफेवर वितळवा आणि एका छोट्या वाटीत काठोकाठ ओता. थंड झाल्यावर मध्ये पडलेला खळगा पाहा. तो पाण्याने भरून, ते पाणी मोजपात्रात ओतून मोजा. वाटीत एकूण किती पाणी मावते तेही मोजा. मेण किती टक्के आकसले, याचा अंदाज तुम्हांला काढता येईल. वाटीच्या कडेला फट पडली असेल, तर तुमचे उत्तर खऱ्यापेक्षा कमी येईल की जास्त, तेही कारणासह वहीत लिहा.