हिरव्यागार रानात गाय थरथरत का कोसळते? पावसाळ्यातले मॅग्नेशियमचे गणित

पहिल्या पावसानंतर रान हिरवे होते, उन्हाळाभर कडब्यावर काढलेल्या गाई चरायला सुटतात आणि पशुपालक निश्चिंत होतो. नेमके याच दिवसांत नुकत्याच व्यालेल्या गाईच्या रक्तातले मॅग्नेशियम घसरण्याचा धोका असतो. आजार क्वचित दिसतो, पण दिसला तर काही तासांत गाय जाऊ शकते. वर्धा जिल्ह्यातील गवळाऊ आणि गावरान गाईंच्या कळपासाठी तो कसा टाळता येईल?

मॅग्नेशियम हा शब्द वर्ध्याच्या शेतकऱ्याला नवा नाही. कपाशीची पाने लाल पडली, ‘लाल्या’ आला, की कृषी केंद्रातून मॅग्नेशियम सल्फेट आणून फवारले जाते. लाल्याच्या अनेक कारणांपैकी मॅग्नेशियमची कमतरता हे एक. पण कपाशीत ही कमतरता पानावर दिसते. गाईत ती बाहेरून दिसत नाही. दिसते तेव्हा गाय आधीच थरथरत असते.

गवळाऊचा जिल्हा, चराईचा कळप

आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) या तालुक्यांचा डोंगराळ पट्टा म्हणजे गवळाऊ गाईचे घर. पांढऱ्या-करड्या रंगाची, हलक्या बांध्याची, चपळ चालीची ही जात नंदगवळी समाजाने पिढ्यानपिढ्या जपली. कारंजा तालुक्यातील हेटीकुंडी येथे या जातीसाठी शासकीय प्रक्षेत्र आहे.

या गाईंचे व्यवस्थापन मोठ्या डेअरीसारखे नाही. सकाळी गुरे आखरावर जमतात, गायकी त्यांना रानात नेतो, संध्याकाळी गाई परततात. वासरू आईला पिते, उरलेले दूध घरात किंवा खव्यासाठी जाते. अमेरिका, ब्रिटन, न्यूझीलंड अशा देशांत मांसासाठी पाळलेल्या गाईही अशाच वासरासह कुरणावर राहतात आणि तिथे हा आजार ‘ग्रास टेटनी’ म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्रात गोहत्येला बंदी आहे, त्यामुळे इथल्या गाईचा हेतू वेगळा. पण गवतावर जगणारी आणि वासराला पाजणारी गाय दोन्हीकडे सारखीच. म्हणून तिथले ज्ञान इथेही कामाचे आहे. उपाय मात्र इथल्या गोठ्याला साजेसे हवेत.

गाईला मॅग्नेशियम रोजच का लागते?

मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारे इशारे काबूत ठेवण्याचे काम मॅग्नेशियम करते. ते कमी पडले की स्नायू आवरत नाहीत. थरथर, ताठरपणा आणि शेवटी झटके येतात.

गाईच्या शरीरातील ६० ते ७० टक्के मॅग्नेशियम हाडांत असते. पण मोठ्या गाईला ते गरजेच्या वेळी पटकन बाहेर काढता येत नाही. कॅल्शियमसाठी शरीरात हार्मोनची यंत्रणा आहे, मॅग्नेशियमसाठी तशी स्वतंत्र यंत्रणा नाही. थोडक्यात, इथे बचत खाते नाही. रोज पोटात जाईल तेवढेच रक्तात येते आणि दूध-लघवीवाटे रोज काही बाहेर जाते.

गाईच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे साधारण १.८ ते २.४ मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. ते १.१ मिलिग्रॅमच्या खाली उतरले की धोका सुरू होतो. या आजाराचा आणि मॅग्नेशियमचा संबंध १९३० च्या सुमारास नेदरलँड्समधील स्योलेमा यांच्या संशोधनातून पुढे आला.

हिरव्या चाऱ्यात मॅग्नेशियम असते, मग कमी कसे पडते?

पानाचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्याचा, त्याच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियमच असते. शिवाय विदर्भाची काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली, तिच्यातही मॅग्नेशियम भरपूर. तरी गाय उपाशी राहते, याची चार कारणे आहेत.

• पोटॅश जास्त : कोवळ्या, झपाट्याने वाढणाऱ्या गवतात पोटॅशियम खूप असते. मॅग्नेशियम गाईच्या पहिल्या पोटात (रुमेनमध्ये) शोषले जाते आणि पोटॅशियम तिथेच आडवे येते. संत्र्याच्या बागेतील किंवा बांधावरचे खत खाल्लेले गवत, शेणखताच्या ढिगाभोवतीचे गवत आणि भरपूर खत दिलेले नेपियर यांत हा धोका अधिक.

• मीठ कमी : आहारात सोडियम कमी पडले की गाईच्या लाळेत सोडियमची जागा पोटॅशियम घेते. ते पुन्हा पोटात जाते आणि शोषण आणखी घटते.

• कोवळ्या गवतातील प्रथिने : लुसलुशीत गवत पोटात गेल्यावर अमोनिया वाढतो. तोही शोषण कमी करतो. असे गवत पोटातून लवकर पुढे सरकते, त्यामुळे शोषणाला वेळच मिळत नाही.

• पाणी जास्त, चारा कमी : पहिल्या पावसानंतरच्या गवतात ८० ते ८५ टक्के पाणी असते. गाईचे पोट भरलेले दिसते, पण कोरडा चारा फार थोडा गेलेला असतो.

गणित समजून घ्या

३०० किलो वजनाची, दिवसाला ३ लिटर दूध देणारी (वासराने प्यायलेले धरून) गाय घेऊ. शरीराच्या रोजच्या झिजेत सुमारे ०.९ ग्रॅम आणि दुधातून सुमारे ०.३५ ग्रॅम, म्हणजे जवळपास सव्वा ग्रॅम मॅग्नेशियम रोज जाते.

चाऱ्यातील २० टक्के मॅग्नेशियम शोषले गेले, तर आहारात सव्वासहा ग्रॅम पुरतात. कोवळ्या गवतामुळे शोषण १० टक्क्यांवर आले, तर तीच गरज साडेबारा ग्रॅमवर जाते. गाय तीच, दूध तेवढेच, गरज मात्र दुप्पट.

आता पुरवठा पाहू. एक किलो कोरड्या गवतात दीड ग्रॅम मॅग्नेशियम धरले आणि आखूड गवतातून गाईला दिवसभरात ४ किलोच कोरडा चारा मिळाला, तर हाती ६ ग्रॅम येतात. म्हणजे गरजेच्या निम्मेच.

४५० किलोची, १५ लिटर दूध देणारी संकरित गाय असेल, तर कमी शोषणाच्या दिवसांत तिची गरज ३० ग्रॅमच्या पुढे जाते. दूध कमी असल्याने गवळाऊची झीज कमी आहे, ही जमेची बाजू. पण ती बहुतेक वेळा फक्त चराईवर असते. संकरित गाईच्या दावणीला निदान ढेप तरी असते.

कोणत्या गाईकडे लक्ष हवे?

• विऊन दोन महिने न झालेली गाय
• चार-पाच वेत झालेली, वयस्क गाय
• मे महिन्यात खंगलेली आणि जूनमध्ये अचानक हिरव्यावर सुटलेली गाय
• थंड वारा आणि झडीच्या पावसात उघड्यावर भिजलेली किंवा दिवसभर उपाशी राहिलेली गाय
• रब्बीत ओलिताच्या कोवळ्या गव्हावर, ओटवर किंवा मक्यावरच असलेली गाय

दोन ते चार महिने वयाच्या, निव्वळ दुधावर असलेल्या वासरांनाही ही कमतरता होऊ शकते, कारण दुधात मॅग्नेशियम फार थोडे असते. त्यांना वेळेवर कोरडा चारा आणि खुराकाची सवय लावणे हाच उपाय.

लक्षणे कशी ओळखाल?

सुरुवातीला गाय कळपापासून वेगळी राहते, कान टवकारलेले असतात, जराशा आवाजाने दचकते. खांद्याचे आणि मांड्यांचे स्नायू फडफडतात. चाल ताठ होते, दात खाते, तोंडाला फेस येतो. पुढे गाय हंबरत सैरावैरा धावते, कोसळते, मान मागे ताणून पाय झाडते. यातली मधली पायरी बरेचदा कुणी पाहत नाही. सकाळी गाय मेलेली सापडते आणि पायांजवळची माती खरवडलेली असते. मग ‘साप चावला असेल’ असे म्हणून विषय संपतो.

विल्यानंतर कॅल्शियम कमी होऊन येणारा ‘मिल्क फीव्हर’ वेगळा. त्यात गाय थंड आणि मलूल पडते, मान कुशीकडे वळवून बसते. मॅग्नेशियमच्या कमतरतेत उलट ती उत्तेजित असते. पण घरच्या घरी निदानाच्या भरवशावर राहू नये. कोवळ्या ज्वारीची विषबाधा, कपाशीवर फवारलेल्या कीटकनाशकाची विषबाधा, धनुर्वात आणि रेबीज यांतही अशीच लक्षणे दिसू शकतात. फेस गाळणाऱ्या गाईच्या तोंडात हात घालणे म्हणूनच धोक्याचे.

गाय कोसळलीच तर?

पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा टोल-फ्री क्रमांक १९६२ वर लगेच कळवावे. तोपर्यंत गर्दी, आरडाओरडा आणि मारहाण टाळावी, कारण प्रत्येक धक्क्याने झटके वाढतात. शक्य असेल तर गाईला छातीवर बसते करून गवताच्या पेंढ्यांचा आधार द्यावा. झटके येत असताना तोंडाने काहीही पाजू नये. पाजलेले श्वासनलिकेत जाऊन गाय गुदमरू शकते.

कॅल्शियम-मॅग्नेशियमचे सलाईन शिरेतून अगदी हळू द्यावे लागते, वेगाने दिल्यास हृदय बंद पडू शकते. त्यामुळे हे काम डॉक्टरांचेच. गाय उठली तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आजार उलटू शकतो. म्हणून पुढचे काही दिवस तोंडावाटे मॅग्नेशियम सुरू ठेवावे लागते. गाय दगावली असेल, तर मृत्यूनंतरच्या रक्तावरून नेमके निदान होत नाही. डोळ्यातील द्रवाचा नमुना लवकर घेतल्यास उत्तर मिळू शकते. कळपातील बाकी गाई वाचवण्यासाठी ही तपासणी मोलाची ठरते.

प्रतिबंध : वर्ध्याच्या दावणीवरचे उपाय

१. सकाळी आधी कोरडे, मग हिरवे. आखरावर सोडण्यापूर्वी गाईला दोन किलो तरी कडबा किंवा कुटार टाकावे. पहिले दहा-पंधरा दिवस पूर्ण दिवस कोवळ्या गवतावर न ठेवता चराईचे तास हळूहळू वाढवावेत.

२. ढेप आणि कोंडा. सरकी ढेप आणि गव्हाचा कोंडा यांत किलोमागे साधारण ५ ग्रॅम मॅग्नेशियम असते. कापसाच्या जिल्ह्यात ढेप मिळवायला दूर जावे लागत नाही. व्यालेल्या गाईला दोन्ही अर्धा-अर्धा किलो दोन वेळांत वाटून दिले, तर वरच्या गणितातील ६ ग्रॅमचे ११ होतात. पावसाळ्यात ढेपेला बुरशी लागलेली नाही ना, हे पाहावे आणि लहान वासरांना सरकी ढेप देऊ नये.

३. खनिज मिश्रण. किलोमागे ५० ग्रॅम मॅग्नेशियम असलेल्या मिश्रणाचे रोज ५० ग्रॅम दिले, तर अडीच ग्रॅमची भर पडते. ११ चे साडेतेरा होतात आणि साडेबारा ग्रॅमची गरज भागते. पुडीवरील मॅग्नेशियमचा आकडा वाचूनच खरेदी करावी. नुसत्या खनिज मिश्रणाने मात्र ही तूट भरत नाही.

४. मीठ. रोज २५ ते ३० ग्रॅम साधे मीठ खुराकात द्यावे. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि सर्वांत जास्त विसरला जाणाराही.

५. मॅग्नेशियम ऑक्साइड. कळपात आधी असा आजार झाला असेल किंवा जास्त दुधाची संकरित गाय असेल, तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने धोक्याच्या दिवसांत ही भुकटी द्यावी. परदेशात मोठ्या दुभत्या गाईला रोज सुमारे ६० ग्रॅम देतात. आपल्याकडील लहान गाईसाठी मात्रा डॉक्टर ठरवतील. चव कडवट असल्याने ती ओल्या कोंड्यात थोडा गूळ घालून द्यावी लागते. जास्त झाल्यास जुलाब होतात. शरीरात साठा होत नसल्याने एक दिवस दुप्पट देऊन दुसऱ्या दिवशी विसरणे निरुपयोगी.

६. द्विदल चारा. गवतवर्गीय चाऱ्यापेक्षा बरसीम, लसूणघास, चवळी यांत मॅग्नेशियम जास्त असते. ओलिताची सोय असेल तर मका किंवा ज्वारीसोबत थोडा द्विदल चारा पेरावा. सोयाबीन व तुरीचे कुटारही पावसाळ्यासाठी राखून ठेवावे.

हे करू नये

• कपाशीसाठी आणलेले मॅग्नेशियम सल्फेट गाईला देऊ नये. खत म्हणून विकलेला माल पशुखाद्याच्या दर्जाचा नसतो.
• चुना किंवा डोलोमाइटची पूड म्हणजे मॅग्नेशियमची सोय झाली, असे समजू नये. डोलोमाइटमधील मॅग्नेशियम गाईला फारसे लागू होत नाही.
• जनावरे चरणाऱ्या तुकड्यावर पावसाच्या तोंडावर पोटॅश किंवा कच्च्या शेणाचा जाड थर टाकू नये.

तयारी केव्हा?

वर्ध्यात मोसमी पाऊस साधारण जूनच्या मध्यात येतो. त्यामुळे मीठ, खनिज मिश्रण, कोंडा आणि ढेप यांची बेगमी मेअखेरीसच व्हायला हवी आणि खुराक पावसाच्या आठ-दहा दिवस आधी सुरू व्हायला हवा. गवत वाढून जून झाले, त्याला निसवा आला, की धोका आपोआप कमी होतो. म्हणजे जपायचे ते दिवस मोजके आहेत. त्या दिवसांत गायकीला एकच सांगून ठेवावे : थरथरणारी, दचकणारी, ताठ चालणारी गाय दिसली की संध्याकाळची वाट न पाहता लगेच घरी कळवायचे.