ओढ आणि रियाज

फेब्रुवारी सरत आला की आमच्या आवारातल्या शेवग्यावर पहाटे दयाळ येऊन बसतो. थंडीभर त्याची कर्कश चरचर तेवढी ऐकलेली असते. आता तो चोच जेमतेम उघडून पुटपुटल्यासारखा गातो. एखादी शीळ लागते, पुढची मध्येच तुटते. एप्रिलात उंच शेंड्यावरून शेपटी उभारून तो खणखणीत, लांब गाणं म्हणतो. करडी मादी तेव्हा खाली पाचोळ्यात किडे टिपत असते.

अशा ऋतुमानानं गाणाऱ्या पक्ष्यांची तयारी मेंदूत चालते. दिवस मोठा होऊ लागला की कवटीतून आत पोचणारा प्रकाश हायपोथॅलॅमसमधल्या पेशी टिपतात. तिथून पिट्यूटरी ग्रंथीला आणि तिच्याकडून वृषणांना निरोप जातो. रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढतं. त्यातलं काही मेंदूतच इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. ज्याला आपण मादीचं संप्रेरक म्हणतो, तेही नराच्या गाण्याला लागतं.

हे सगळं फार बारकाईनं तपासलं गेलं ते कॅनरीत. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातले फर्नांडो नोटेबोम आणि आर्थर अर्नोल्ड यांनी १९७६ मध्ये दाखवलं, की गाण्याची केंद्रं नराच्या मेंदूत मादीपेक्षा कितीतरी मोठी असतात. पुढे टेस्टोस्टेरॉन दिलेल्या प्रौढ माद्या नरांसारख्या गाऊ लागल्या आणि त्यांची केंद्रंही वाढली. १९८१ मध्ये नोटेबोम यांना दिसलं, की नराचं ‘एचव्हीसी’ हे केंद्र शरदापेक्षा वसंतात जवळजवळ दुप्पट असतं.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला २०१३ चा प्रयोग. बो ऑलवर्ड, ग्रेगरी बॉल आणि सहकाऱ्यांनी वृषणं काढलेल्या काही नर कॅनरींच्या हायपोथॅलॅमसजवळच्या एका छोट्या केंद्रातच टेस्टोस्टेरॉन सोडलं. ते नर भरभरून गायले, पण गाणं घोटीव झालं नाही. सर्व शरीरात संप्रेरक मिळालेल्यांचं गाणं अधिक जोरकस आणि एकसारखं निघालं. म्हणजे गावंसं वाटणं आणि चांगलं गाता येणं, यांच्या मेंदूतल्या वाटा वेगळ्या.

रियाजाचंही कॅनरीत मोजमाप झालं आहे. नर कॅनरी जितका जास्त गातो, तितकं एचव्हीसीमध्ये बीडीएनएफ हे प्रथिन जास्त तयार होतं आणि नव्यानं आलेल्या चेतापेशी जास्त तगतात. म्हणून संप्रेरकानं पक्ष्याला गाणं दिलं, एवढं म्हणून भागत नाही. संप्रेरक ओढ लावतं, मेंदूत जागा करतं. ती जागा पक्षी स्वतःच्या गाण्यानं राखतो.