पिकअप तापते आणि उभ्या जागी थरथरते, तेव्हा आधी काय बघायचं?

मालीम जेटीवर मासळी भरून पर्वरीचा चढ घेतला की जुन्या डिझेल पिकअपचा काटा वर जातो, आणि म्हापशात उभी केली की मशीन थरथरतं. बऱ्याच जणांचं हेच रडगाणं.

आऊटबोर्डची पाण्याची धार थांबली की आपण मशीन लगेच बंद करतो. गाडीला धार नाही, फक्त काटा. तोही फसवतो. पाणी फार कमी झालं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो.

नुसती तापत असेल तर कुलंट, फॅन बेल्ट आणि रेडिएटरच्या जाळीत बसलेली लाल माती बघा. काही मेकॅनिक थर्मोस्टॅटच काढून टाकतात, मला ते पटत नाही. नुसती थरथरत असेल तर डिझेल फिल्टरमधलं पाणी काढा, लाईनीत हवा धरली का बघा, मग इंजेक्टर.

दोन्ही एकदम सुरू झालं तर मात्र हेड गॅस्केटचा संशय घ्या. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून स्टार्ट करा. बुडबुडे येतच राहिले, गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबला नाही, किंवा डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर गाडी हलवू नका. बर्फ वितळेल म्हणून तशीच रेटली तर हेड वाकतं, आणि गॅस्केटचा खर्च हेडवर जातो. मासळी दुसऱ्या गाडीत घाला.

वाटेत तापली तर झाकणाला हात लावू नका, वाफ तोंडावर येते. तापल्या इंजिनात थंड पाणीही ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.