मनाला आधार देणारा कुत्रा

कुत्रा आपल्या कथांना परका नाही. दत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान असतात, खंडोबाच्या घोड्यामागे कुत्रा धावतो, आणि धर्मराजाने तर कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्याचे नाकारले. तरी आपल्या शहापूर-मुरबाडकडे कुत्र्याची जागा ओटीच्या खालीच. त्याने वाडीवर रात्र जागावी, रानडुकरांवर भुंकावे आणि बिबट्या आलाच तर पहिला बळी स्वतःचा द्यावा, एवढाच आपला त्याच्याशी करार! हाच प्राणी आजाऱ्याच्या खाटेशी उपचारातला सोबती म्हणून बसतो, असे सांगितले तर कोणी हसेलही.

न्यूयॉर्कचे बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनाही लोक हसले होते. त्यांच्याकडे एक अबोल, कोणात न मिसळणारा मुलगा एके दिवशी ठरल्या वेळेआधीच आला. त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा खोलीतच होता. मुलगा त्याच्याशी खेळू लागला, आणि त्या खेळातून हळूहळू डॉक्टरांशीही बोलू लागला. हा अनुभव लेव्हिन्सन यांनी १९६१ साली व्यवसायबंधूंपुढे मांडला, तेव्हा काहींनी थट्टाच केली. पण गोष्ट साधी आहे. कुत्रा प्रश्न विचारीत नाही, उत्तराची घाई करीत नाही, आणि बोबड्या बोलण्याला नावे ठेवीत नाही. उपचार अर्थातच डॉक्टरांचेच.

असा कुत्रा आपल्या धन्यासह रुग्णालयात, शाळेत, वृद्धाश्रमात जातो. घरी एकाच दुःखी वा एकाकी माणसाला सोबत करणारा कुत्रा निराळा. त्याला खास शिक्षण लागत नाही. मुंबईत मिनल कविश्वर यांच्या अॅनिमल एंजल्स फाउंडेशनने पहिल्या प्रकारचे काम केले आहे.

शिक्षणाची खरी मेख पिल्लाच्या वयात आहे. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत त्याला जे माणूस, जो आवाज, जो वास परिचयाचा होतो, त्याची भीती पुढे सहसा राहत नाही. आपण नेमके उलटे करतो: कुत्रा ‘तिखट’ व्हावा म्हणून पिल्लू याच वयात बांधून ठेवतो. असा कुत्रा राखणीला ठीक. पण परक्याने कान धरला, कुबडी दाणकन पडली, लहान मुलाने शेपूट ओढले, तरी शांत राहणे त्याला साधणार नाही. छडी तर नकोच. हवे तसे वागल्याबरोबर भाकरीचा तुकडा मिळाला की कुत्रा लवकर शिकतो. जमिनीवर सांडलेली गोळी न उचलणे हाही त्याचा एक धडा असतो.

धन्यालाही शिकावे लागते. कुत्रा जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, तोंड फिरवू लागला, की तो त्रासला आहे असे समजून भेट तिथेच थांबवावी.

आपल्या तालुक्यांतील आश्रमशाळांत, घरापासून दूर राहणाऱ्या मुलांसाठी, असा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे, असे मला वाटते. पण आधी पिसाळण्याचे भय गंभीरपणे घेतले पाहिजे. कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात लस आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी पुन्हा, यात सूट नाही. कुठलाही कुत्रा चावला, ओरखडला, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची यांत वेळ घालवू नये. आणि ज्या मुलाला पूर्वी कुत्रा चावलेला आहे, त्याच्यापुढे त्याने स्वतः मागितल्याखेरीज कुत्रा नेऊ नये.