जुन्या पद्मिनीला नवं वायरिंग घेताना

जुनी फियाट रिस्टोर करायला काढली की रंग, क्रोम, सीटकव्हर यांवर मालक हौसेने खर्च करतो. वायरिंगपाशी आला की मात्र म्हणतो, ‘चालतंय ना, राहू दे.’ चालतही असतं. पण चाळीस वर्षं इंजिनाच्या धगीजवळ राहिलेल्या पीव्हीसीतलं मऊपण निघून गेलेलं असतं. हेडलाइटमागची एखादी तार बोटाभोवती वाकवून बघा. आवरण कट्कन तडकलं आणि आत लालसर तांब्याऐवजी काळपट-हिरवा थर दिसला, तर वर टेप गुंडाळून काही साधत नाही. अशी एखाद-दोन टोकं असतील तर नवा तुकडा जोडून भागेल. जिथे हात लावाल तिथे हीच गत असेल तर अख्खा हार्नेस, म्हणजे गाडीभर फिरणारा तारांचा जुडगा, बदलायचा.

दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, ‘मॉडेल कुठलं?’ ‘पद्मिनी’ एवढंच सांगितलं की घोळाला सुरुवात होते. १९७४ पासून पंचवीसेक वर्षं हे नाव चाललं आणि तेवढ्या काळात आतलं बरंच बदललं. आधीच्या गाड्यांना डायनामो आणि त्याचा वेगळा बसवलेला कटआउट-रेग्युलेटर, नंतरच्यांना ऑल्टरनेटर. शिवाय मधल्या मालकांनी आपापल्या सोयीने स्विच, हॉर्न, वायपर मोटर बदललेली असते. म्हणून आरसी बुकातलं वर्ष सांगण्याआधी बॉनेट उघडून आज गाडीत काय आहे ते लिहून काढा: चार्जिंगचा प्रकार, स्टिअरिंगवरच्या स्विचला येणाऱ्या तारा, प्रत्येक दिव्याचे वॅट. खरेदीची खरी यादी हीच.

तयार सेट मिळाला तर उत्तम. पण मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बाद झाली आणि या मालाचं रोजचं गिऱ्हाईकच गेलं. पुण्यात नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चौकशी जरूर करा, मात्र जुना हार्नेस शेजारी पसरून लांबी आणि फाटे जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका. परदेशातून मागवण्याचा मोह झाला तर एक गोष्ट विसरू नका: पद्मिनी जिच्यावरून आली ती इटलीची फियाट ११०० डाव्या स्टिअरिंगची. तिकडच्या हार्नेसमध्ये डॅशबोर्डचे फाटे उलट्या बाजूला निघतात. आपल्याकडे काही तारा आखूड पडतात आणि उरलेल्यांची वेटोळी करून कोंबावी लागतात.

तिसरा पर्याय म्हणजे कुठल्याही गाडीला चालणारं किट. नव्या पद्धतीची फ्यूज-पेटी, नाव छापलेल्या लांबलचक तारा, दिसायला झकास. डॅशबोर्डच नव्याने बनवलेल्या हौशी गाडीला ते शोभतं. पद्मिनीत त्याचं प्रत्येक टोक कापून, त्यावर लग (जोडणीचं धातूचं टोक) बसवून, मूळ स्विचशी जुळवत बसावं लागतं. इतकी मेहनत करायचीच असेल तर जुना हार्नेस नमुना म्हणून देऊन हुबेहूब नवा बांधून घेतलेला काय वाईट? माझं मत या चौथ्या पर्यायालाच. त्यासाठी जुना हार्नेस न कापता सबंध बाहेर काढायचा आणि प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधायची. मग तो प्लायवुडवर पसरून खिळे ठोकायचे. त्या खिळ्यांभोवती नवा बांधला जातो.

हुबेहूब म्हणजे तारेची जाडीही जुनीच ठेवायची असं नाही. इथे थोडा हिशेब करावा लागतो. ६०/५५ वॅटचे हॅलोजन टाकले तर अप्परवर दोन्ही मिळून १२० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर. हा करंट बॅटरीपासून स्विच, डिपर करत समोरच्या दिव्यांपर्यंत जातो. ही वाट पाच मीटरची धरली आणि तार १ चौरस मिलिमीटरची असेल तर पाऊण व्होल्टहून जास्त वाटेतच जातो. व्होल्टेज सात टक्क्यांनी पडलं की उजेड जवळपास पाव भागाने घटतो. तीच तार २.५ ची घेतली तर घट पाव व्होल्टच्या थोडी वर राहते. त्याहून चांगलं म्हणजे पुढे दोन रिले लावून दिव्यांना बॅटरीवरून फ्यूजमार्गे थेट पुरवठा द्यायचा. मग चाळीस वर्षांच्या त्या स्विचवरून जेमतेम रिले ओढण्यापुरता करंट जातो. डायनामो काढून ऑल्टरनेटर बसवला असेल तर त्याची बॅटरीकडे जाणारी तारही जाड हवी. आणि फ्यूज ठरवायचा तो तारेला सोसेल त्यावरून. वारंवार उडतो म्हणून मोठा टाकला की फ्यूजऐवजी तार जळते.

बांधून देणाऱ्याने २.५ ची तार सांगितली तर टोक सोलून आतले धागे मोजा. ०.३ मिलिमीटरचे ३५ धागे असतील तर ती खरी २.५, वीसच भरले तर १.४. धागा ब्लेडने खरवडल्यावर आत पांढरा निघाला तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, घेऊ नका. लग बघताना पंखांच्या दोन जोड्या तपासा: एकीने तांबं पकडलेलं असावं, दुसरीने आवरण. मग जोर लावून ओढा. सुटायचा असेल तर टेबलावर सुटू दे.

बसवताना अर्थिंगकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. नव्याकोऱ्या रंगावर अर्थचा लग आवळला तर पत्र्याशी संपर्कच होत नाही आणि दोष मात्र नव्या हार्नेसला लागतो. तिथला रंग खरवडा, ग्रीस लावा, इंजिन ते बॉडीची अर्थपट्टीही नवी घाला.

शेवटी बॅटरीची मायनस लगेच जोडू नका. मायनसची तार आणि बॅटरी यांच्यामध्ये २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब लावा, सगळे स्विच बंद ठेवा, दारं लावून घ्या. बल्ब लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. एकेक फ्यूज काढत गेलात की कुठल्या सर्किटमध्ये ते कळेल. इग्निशन आणि चार्जिंगच्या तारांना त्या काळी फ्यूजच नसे, तेव्हा त्या वेगळ्या सोडवून तपासाव्या लागतात. बल्ब विझलेला राहिला की मायनस जोडायला हरकत नाही. आणि जुना हार्नेस भंगारात घालू नका. चिठ्ठ्यांसकट जपून ठेवा, दुसऱ्या कुणा पद्मिनीवाल्याला नमुना म्हणून लागेल.