फाळाचा कठीणपणा व तो मोजण्यातील अडचणी

नांगराचा फाळ घेताना शेतकरी त्याची घडण पाहतो, वजन पाहतो, आणि जाणता असला तर कोपऱ्यावर कानस ओढून पाहतो. कानस घसरली तर फाळास पाणी चांगले बसले, तिने धातू खाल्ला तर फाळ मऊ राहिला, असा निर्णय होतो. ही परीक्षा खोटी नव्हे. परंतु फाळ मातीत झिजतो तो पृष्ठभागावरील अत्यंत पातळ थरात. आणि त्या थराचा कठीणपणा किती, हे कानशीस सांगता येत नाही. तो शास्त्रज्ञ कसा मोजतात व त्यात फसगत कोठे होते, हे वाचकांस उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

कठीणपणाचे माप

दाबाखाली ठसा उमटू न देण्याची जी शक्ती, तिला येथे कठीणपणा म्हटले आहे. १९०० साली स्वीडनमधील ब्रिनेल या इंजिनियराने १० मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी ३,००० किलोग्रॅम भाराने धातूवर दाबून, उमटलेल्या खळग्यावरून कठीणपणाचा अंक काढण्याची रीत घालून दिली. पुढे १९२२ साली इंग्लंडमधील व्हिकर्स कंपनीच्या दोघा तज्ज्ञांनी गोळीऐवजी हिऱ्याचे चौपैलू टोक वापरण्याची रीत प्रसिद्ध केली. व्हिकर्सच्या मापाने पाणी दिलेल्या पोलादी फाळाचा अंक सामान्यतः ४०० ते ६०० भरतो, तर गारगोटीचा १,००० च्या वर जातो. वाळूमिश्रित जमिनीत फाळ लवकर का झिजतो, याचे उत्तर या दोन अंकांतच आहे.

परंतु ब्रिनेलचा खळगा काही मिलिमीटर रुंद असतो. तो फाळाच्या अंगाचा कठीणपणा सांगतो, कातडीचा नव्हे. आणि ही दोन्ही सारखी असतातच असे नाही. लोहाराच्या भट्टीत फाळ वारंवार व फार वेळ तापला म्हणजे पृष्ठभागातील कर्ब जळून जातो व वरचा थर मऊ पडतो. उलटपक्षी, वाळूचे कण घासून घासून पृष्ठभाग ठोकल्यासारखा कडकही होतो. मातीने होणाऱ्या धातूंच्या झिजेचा अभ्यास करणारे इंग्लंडमधील संशोधक रिचर्डसन यांनी १९६७ साली असे दाखविले, की झीज समजण्यास मूळ धातूचा कठीणपणा पुरेसा नसून घासून ताणलेल्या पृष्ठभागाचा कठीणपणा पाहिला पाहिजे.

सूक्ष्म खळगा आणि खडबडीत पृष्ठभाग

असा थर मोजावयाचा तर खळगाही तितकाच सूक्ष्म हवा. यासाठी हिऱ्याचे तीन पैलूंचे टोक घेतात. कारण चार पैलू नेमके एका बिंदूत मिळविणे कठीण, तीन मात्र नेहमीच मिळतात. भार एखाद्या ग्रॅमच्या वजनाइतका किंवा त्याहूनही कमी असतो, आणि खोली नॅनोमीटरांत मोजतात. एका मिलिमीटरात १० लक्ष नॅनोमीटर होतात. इतका लहान ठसा साध्या सूक्ष्मदर्शकाने मोजणे शक्य नसते. म्हणून टोक आत जाताना व परत येताना भार आणि खोली यांची नोंद यंत्रच करीत जाते. त्या नोंदीवरून खळग्याचे क्षेत्र व कठीणपणा काढण्याची आज रूढ असलेली रीत ऑलिव्हर व फार या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९२ साली मांडली.

खरी अडचण येथूनच सुरू होते. डोळ्यांस गुळगुळीत दिसणारा फाळ या मापाने नांगरलेल्या रानासारखा ढेकळांचा असतो. टोक उंचवट्यावर पडले तर त्यास बाजूंचा आधार नसतो, म्हणून ते सहज आत जाते व धातू मऊ भासतो. तेच सरीत पडले तर दोन्ही बाजू त्यास अडवितात व तोच धातू कठीण भासतो. यास्तव खळग्याची खोली सरासरी खडबडीतपणाच्या निदान २० पट असावी, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा दंडक आहे. खडबडीतपणा १०० नॅनोमीटर असेल, तर खळगा २,००० नॅनोमीटर खोल हवा.

उलट, थराच्या जाडीच्या दशांशाहून खोल जाऊ नये, असाही संकेत आहे; नाहीतर खालच्या धातूचा कठीणपणा मापात मिसळतो. थर ५,००० नॅनोमीटरांचा असेल तर खळगा ५०० च्या आत हवा. तेव्हा दोन्ही नियम पाळावयाचे तर खडबडीतपणा २५ नॅनोमीटरांवर आणला पाहिजे. आणि तेवढे घासले की जो थर मोजावयाचा तोच निघून जातो, किंवा घासण्यानेच अधिक कडक होतो. त्यातच खळगा जितका लहान तितका धातू अधिक कठीण भासतो. निक्स व गाव या शास्त्रज्ञांनी १९९८ साली याची उपपत्ती मांडली आहे.

यावर उपाय असा, की फाळ आडवा कापून तुकडा राळेत बसवावा, कापलेली बाजू अतिशय हलक्या हाताने चकचकीत करावी, आणि काठापासून आत खळग्यांची एक ओळ घ्यावी. म्हणजे थर कोठे संपतो व अंग कोठे सुरू होते, हे स्पष्ट दिसते. कापणे शक्य नसेल तेथे एकाच खळग्यावर न विसंबता अनेक घ्यावे, व सरासरीबरोबर त्यांतील कमीजास्त फरकही सांगावा.

शेतकऱ्याने काय करावे

ही यंत्रे शेतकऱ्याच्या दारी येणार नाहीत. परंतु त्यांतील धडा येऊ शकतो. विक्रेत्याने कठीणपणाचा अंक सांगितला, तर तो कोणत्या रीतीचा, किती भाराचा व किती ठिकाणी घेतलेला, हे विचारावे. रीत न सांगितलेल्या अंकास किंमत नाही. कानस लावताना वरची काळी खपली काढून एकदा पाहावे व त्याच जागी थोडे खोल जाऊन पुन्हा पाहावे. वर मऊ व आत कठीण लागले, तर कर्ब जळाल्याचा संशय घ्यावा व लोहारास फाळ विनाकारण भट्टीत ठेवू नये असे बजावावे. अतिकठीण फाळाचाही सोस नको. दगडगोट्यांच्या रानात तो तडकतो. सबब, आपली जमीन पाहून फाळ निवडावा, आणि एका जागच्या एका मापावर खरेदी करू नये.