विमा दावा पाठवण्यापूर्वीची तपासणी : चेन्नईतील नेत्र डे केअर केंद्राचे उदाहरण



गुणवत्ता तपासणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर व्हर्निअर कॅलिपर, गेज आणि नाकारलेल्या नगांची पेटी येते. पण तपासणीचा नग कागदाची फाइलही असू शकतो. दवाखान्यातून विमा कंपनीकडे जाणारा आरोग्य विम्याचा दावा, म्हणजे आपल्या बोलण्यातला ‘क्लेम’, हा असाच एक नग आहे. तो सदोष निघाला तर रुग्णाच्या घरच्यांना खिशातून पैसे भरावे लागतात. या पाठात आपण अशी फाइल पाठवण्यापूर्वी कशी तपासायची ते पाहू.

१. उदाहरणाची निवड

चेन्नई हे विमा व्यवसायाचे मोठे केंद्र आहे. सरकारी युनायटेड इंडिया इन्शुरन्सचे मुख्यालय येथे आहे आणि केवळ आरोग्य विमा विकणारी देशातील पहिली कंपनी, स्टार हेल्थ, २००६ साली येथेच सुरू झाली. या शहरातल्या एका लहान नेत्र केंद्राची कल्पना करा. तेथे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

येथे पहिलीच शंका येते. विम्यासाठी २४ तास दाखल राहावे लागते ना? सर्वसाधारण नियम तसा आहे. परंतु जे उपचार तंत्रज्ञानामुळे आता २४ तासांच्या आत होतात आणि ज्यांना भूल किंवा स्थानिक भूल लागते, त्यांना ‘डे केअर’ उपचार म्हणतात व ते मान्य होतात. मोतीबिंदू त्यात येतो. बाह्यरुग्ण विभागातली साधी तपासणी त्यात येत नाही. रुग्णालयाच्या व्याख्येत किमान १० खाटांची अट आहे (१० लाखांहून कमी वस्तीच्या गावात, इतरत्र १५). डे केअर केंद्राला मात्र खाटांची ही अट नाही. नोंदणी, पात्र डॉक्टर व परिचारिका, स्वतःचे शस्त्रक्रियागृह आणि रोजच्या नोंदी लागतात.

२. तपासणीचे चार टप्पे

(अ) ओळख. पॉलिसी, आधार, केस पेपर आणि बिल या चारही ठिकाणी नाव, वय आणि पॉलिसी क्रमांक एकच हवा. महाराष्ट्रात आपण नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे लिहितो. तमिळनाडूत बहुतेकांना आडनाव नसते. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर कधी नावाआधी, कधी नंतर येते, तर कधी त्याचे पूर्ण रूप लिहिले जाते. माणूस एकच, पण संगणकाच्या दृष्टीने तीन नावे. पुण्याहून चेन्नईला नोकरीसाठी गेलेल्या मुलाच्या आईच्या फाइलमध्ये उलटा प्रकार होतो : फॉर्मच्या चौकटीत तिचे आडनाव नावाच्या जागी जाते. म्हणून पॉलिसीवरचे नाव प्रमाण मानून बाकीचे कागद त्याच्याशी ताडून पाहावेत.

(ब) पात्रता. पॉलिसी चालू आहे का? प्रतीक्षा कालावधी संपला आहे का? सर्व कंपन्यांनी विकायची ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२० पासून आली. तिच्यात मोतीबिंदूसाठी २४ महिन्यांची प्रतीक्षा आहे. शस्त्रक्रियेची तारीख तेविसाव्या महिन्यात पडत असेल, तर ते तारीख ठरवण्यापूर्वीच रुग्णाला सांगायला हवे. नंतर कळून उपयोग नाही.

(क) वैद्यकीय सुसंगती. डॉक्टरांचा सल्ला, तपासणी अहवाल, शस्त्रक्रियेची टिपणी, बसवलेल्या भिंगाचे स्टिकर आणि डिस्चार्ज समरी या सर्वांनी एकच गोष्ट सांगितली पाहिजे. सर्वांत धोक्याची जागा म्हणजे डावा-उजवा डोळा. नेत्रतज्ज्ञ उजव्या डोळ्याला ‘ओडी’ आणि डाव्याला ‘ओएस’ लिहितात. ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० यादीत वयपरत्वे होणाऱ्या मोतीबिंदूचा गट एच २५ आहे, पण त्या संकेतांकात बाजू येत नाही. म्हणजे संकेतांक अगदी बरोबर असूनही डोळा चुकीचा असू शकतो. दुसऱ्या डोळ्याची फाइल पहिल्या डोळ्याच्या फाइलवरून नक्कल करून बनवली की ‘उजवा’ हा शब्द तसाच राहतो. मग विमा कंपनीला त्याच डोळ्याचा दुसरा दावा आल्यासारखे दिसते आणि फाइल अडकते.

(ड) बिल. एकूण रकमेची बेरीज पुन्हा करा. भिंगाचे बिल आणि स्टिकरवरचा क्रमांक जुळतो का पाहा. विमा नियामक संस्था, म्हणजे इर्डाई, हिच्या याद्यांप्रमाणे डोळ्याची पट्टी, आय शील्ड, गॉज, मायक्रोस्कोपचे कव्हर असा खर्च शस्त्रक्रियेच्या शुल्कातच धरायचा असतो. तो वेगळा लावला की कापला जातो.

३. एक लहान गणित

आरोग्य संजीवनीत मोतीबिंदूसाठी एका पॉलिसी वर्षात प्रत्येक डोळ्यामागे मर्यादा आहे : विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यांतील कमी असेल ती. शिवाय प्रत्येक दाव्यात ५ टक्के वाटा रुग्णाचा असतो. समजा विमा रक्कम २ लाख आणि मान्य होण्याजोगे बिल ५४,००० रुपये आहे.

२५ टक्के म्हणजे ५०,०००. म्हणून लागू मर्यादा ४०,०००.
त्यावर ५ टक्के म्हणजे २,०००.
कंपनी देणार ३८,०००. रुग्ण भरणार १६,०००.

विमा रक्कम १ लाख असती तर मर्यादा २५,००० झाली असती. कंपनीने २३,७५० दिले असते आणि रुग्णावर ३०,२५० आले असते. हे गणित शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात करून दाखवले, तर कुटुंबाला पैशांची सोय करायला किंवा कमी किमतीचे भिंग निवडायला वेळ मिळतो. डिस्चार्जच्या टेबलावर तेच आकडे ऐकले तर उसनवारी करावी लागते.

४. वेळेचे भान

इर्डाईच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची पूर्वमंजुरी विनंती आल्यापासून एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. पण घड्याळ केंद्राकडून विनंती पोहोचल्यावर सुरू होते. अपुऱ्या फाइलवर प्रश्न विचारला गेला, की हातावर पट्टी आणि डोळ्यावर शील्ड घेऊन बसलेला रुग्ण बाकावरच ताटकळतो. आधी भरून मागाहून परत घ्यायचे असतील, तर आरोग्य संजीवनीत डिस्चार्जनंतर ३० दिवसांत कागद द्यायचे असतात.

५. तपासनिसाची मर्यादा

येथे एक रेषा नीट ओळखा. बेरीज, नावाचे स्पेलिंग, राहून गेलेली सही या कारकुनी चुका आहेत. रोगाचा इतिहास ही वैद्यकीय नोंद आहे. केस पेपरवर ‘मधुमेह १० वर्षे’ आणि डिस्चार्ज समरीत ‘१० महिने’ असे दिसले, तर तपासनिसाने सोयीचा आकडा ठेवून दुसरा खोडायचा नाही. प्रश्न लिहून फाइल डॉक्टरांकडे परत पाठवायची. डॉक्टर रुग्णाला विचारतील, आणि दुरुस्ती लागलीच तर जुनी नोंद वाचता येईल अशी ठेवून तारखेसह सही करतील. जे खरे आहे तेच जाईल, मग दावा मंजूर होवो वा न होवो. आकडा बदलून मंजूर झालेला दावा ही फसवणूक आहे. सलग ६० महिने चाललेल्या पॉलिसीवर माहिती लपवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही, हे संरक्षणही सिद्ध फसवणुकीला मिळत नाही. प्रामाणिक रुग्णाचे संरक्षण आपल्या एका खोडाखोडीने जाऊ शकते.

६. दुसरा डोळा का हवा?

समजा फाइलमध्ये दहा मुद्दे आहेत आणि प्रत्येक मुद्दा बरोबर असण्याची संभाव्यता ०.९७ आहे. मुद्दे परस्परस्वतंत्र मानले, तर पूर्ण फाइल निर्दोष असण्याची संभाव्यता ०.९७ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.७४. एकेका मुद्द्यात ९७ टक्के काळजी घेऊनही शंभरातल्या सुमारे सव्वीस फाइलींत काहीतरी चुकलेले असेल. म्हणून फाइल बनवणारा आणि तपासणारा वेगळा असावा. बँकेत यालाच मेकर-चेकर म्हणतात. तपासणाऱ्याने बनवणाऱ्याची यादी न वाचता मूळ कागदावरून सुरुवात करावी. आपणच लिहिलेले वाचताना डोळा अपेक्षित शब्द वाचतो, लिहिलेला नाही.

स्वाध्याय

१. विमा रक्कम १.५ लाख आणि मान्य बिल ३६,००० रुपये असताना वरील अटींनुसार रुग्णाला किती भरावे लागतील?
२. प्रत्येक मुद्द्याची अचूकता ०.९९ झाली तर दहा मुद्द्यांची निर्दोष फाइल मिळण्याची संभाव्यता काढा.
३. घरातील एखादी आरोग्य विमा पॉलिसी घ्या. प्रतीक्षा कालावधी, उपमर्यादा आणि रुग्णाचा वाटा या तीन गोष्टी शोधून एका कागदावर मराठीत लिहा आणि घरच्यांना समजावून सांगा.